टोपलं रिकामं पायजे

“ब्याडप्पा, नको. टोपल्यात पाणी जाणार न्हाई म्हणजे न्हाई.”

“का न्हाई? दोन माणसं घिऊन वर जातंय की ते टोपलं. मग कॅन काय जड होऊन राहिलेत त्याला?”

“वर जातंय तवा मशीन उभी असती. आता ती रस्त्यानं उडत जाणार. खड्ड्यात एका कॅनचे चार कॅन होत्यात. उतर खाली.”

खालून ड्रायव्हर वीरण्णा मामा बोलत होता, मी त्याचा क्लीनर. मी उतरलो नाही. नांदेडच्या एका कापसाच्या जिनिंगच्या आवारात आमची लोबेड गाडी, बुटक्या सपाट पाठीची, उभी होती आणि तिच्यावर बूमलिफ्ट. म्हणजे लांब लोखंडी हात, त्याच्या टोकाला पिंजऱ्यासारखं टोपलं, त्यात माणूस उभा करून पत्र्यापर्यंत न्यायचा. मी टोपल्यात, खाली माझे बारा कॅन. वॉचमनला लई गोड बोलून त्याच्या बोअरवर भरलेले, तोंडाला प्लास्टिक बांधलेले.

लातुरात माझी ताई पंचफुला पाच दिवसांची बाळंतीण होती. नळ येऊन अठरा दिवस झालेले, टँकरचा नंबर अजून चार दिवसांनी. आई फोनवर म्हणली होती, लेकराचे कपडे धुवायला बी न्हाई रे. मी म्हणलो होतो, बारा कॅन आणतो. बोललो तर बोललो.

वीरण्णा मामाला हे सगळं मी सांगितलं होतं. ऐकून तो साखळीच आवळत राहिला.

मामा पंचावन्नचा, वाळका, गळ्यात लिंगायताचं लिंग, बोलायला कंजूष. मशीन चढवायची त्याची रीत ठरलेली. आधी चढायच्या फळ्यांवर पाय घासून बघणार, तेल सांडलंय का. मग मशीन मुंगीच्या चालीनं वर. हात दुमडायचा, फिरू नये म्हणून पिन घालायची, चाकांना लाकडी गुटके, चार कोपऱ्यांना चार साखळ्या, टोपल्याला पट्टा, चावी खिशात. एवढं करून पाच किलोमीटर गेलं की गाडी बाजूला घेऊन सगळं परत हातानं चाचपणार. बाकीचे ड्रायव्हर म्हणतात, बायको केली न्हाई, साखळ्या कुरवाळतो.

तो गेटवर सही करायला गेला. माझं डोकं तापलेलंच होतं. बाराच्या बारा कॅन टोपल्यात टाकले, वरून ताडपत्री पांघरली.

विष्णुपुरीच्या पुढं त्यानं गाडी थांबवली. साखळ्या झाल्या, मग पट्ट्याला हात लावला. पट्टा ढिला. टोपलं वजनानं खाली दबलेलं. त्यानं ताडपत्री उचलली.

मला वाटलं आता मारतो. मीपण मूठ आवळली होती.

“बिदरच्या रोडला टोपल्यात रंगाचे डबे व्हते,” तो म्हणला. “मीच ठिवले व्हते. पट्टा तुटला, हात फिरला. मागं मोटारसायकल व्हती.”

मूठ कधी सुटली मला कळलं नाही.

मग त्यानं केबिनमधून स्वतःची वळकटी काढली, पत्र्याची पेटी काढली, स्टोव्ह काढला. सीटच्या मागं फळी आहे, तिच्यावर तो झोपतो. त्या जागेत पाच कॅन कसेबसे बसले. वळकटी आणि पेटी तो लोबेडच्या पुढच्या कोपऱ्यात बांधायला लागला.

“तिथंच कॅन बांधू की मग,” मी म्हणलो.

“वळकटी पडली तर रस्त्यावर झोपंल. कॅन पडला तर मागचा झोपंल.”

सात कॅन राहिले, ते कुठंच मावेनात. समोर पंक्चरचं दुकान, तिथं नागुबाई नावाची म्हातारी बसलेली. मामानं तिला हाक मारली. ती पाणी बघून आधी विश्वासच ठेवेना, किती पैसे म्हणून विचारत राहिली. मीच उचलून दिले सातही.

अहमदपूरला चहाच्या टपरीवर नव्या जिल्ह्याचं भांडण चालू होतं. उदगीर व्हणार, न्हाई अंबाजोगाई व्हणार. टपरीवाला मामाला ओळखतो. म्हणला, “वीरण्णा, तुमचा उदगीर जिल्हा व्हायलाय म्हणं. मजा हाय तुमची.”

“माझं तिथं काय हाय आता,” मामा म्हणला. “घर भावानं इकलं. कलेक्टर काय वळकटीला दार लावून देणार हाय?”

सगळे हसले. तो हसला नाही. चहा अर्धा ठेवून गाडीत जाऊन बसला.

लातुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी लागली तेव्हा दोन वाजले होते. मशीन चारला एमआयडीसीत पाहिजे, मालक किशनरावचे तीन फोन झालेले. पाचही कॅन मी आणि मामानं उचलून आणले. आईनं मोजले.

“बारा म्हणला व्हतास.”

“सात वाटंत दिले. मीच चुकीच्या जागी ठेवले व्हते.”

आई माझ्याकडं बघत राहिली. घरात बाळ रडत होतं. “बरं,” म्हणली. मग मामाला, “जयभीम दादा. बसा.”

“शरणार्थी,” मामानं त्याच्या रीतीचा नमस्कार केला आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

आईनं तांब्या पुढं केला. तो म्हणला, “आत्ताच पिलो.”

सकाळपासून तो अर्धा चहा सोडून काय पिला नव्हता, मला माहीत होतं. माझं परत डोकं फिरलं. “आमच्या घरचं चालत न्हाई का, मामा?”

“बाळंतिणीच्या वाट्याचं हाय ते,” तो हळू म्हणला.

आईनं तांब्या मागं घेतला नाही. हात तसाच. शेवटी त्यानं तांब्या घेतला, तोंड लावून सावकाश सगळा पिला, थेंबसुद्धा सांडला नाही.

“तुमच्या घरी हाय का पाणी?” आईनं विचारलं.

“माझ्या घरी लागत न्हाई, बाई.”

तो गेला. मी ताईच्या बाळाला बघून गाडीपाशी आलो तेव्हा कळलं, एका कॅनच्या तोंडाचं प्लास्टिक वाटंत फाटलं होतं, झोपायची फळी चिंब. मामानं खांद्यावरच्या दस्तीनं सीटखालचं पाणी टिपलं, प्लास्टिकच्या मगात पिळलं आणि तो माझ्या हातात दिला. “फरशी पुसायला व्हईल.” मी तो घरी दिऊन परत आलो.

फळी त्यानं चाकाला टेकवून उन्हात उभी केलीय. गल्लीतली पोरं येऊन तिच्या ओल्या लाकडाला तळवे लावून राहिलीत, गार लागतंय म्हणून. एकानं गाल टेकवला. मामा एरवी पोरांना गाडीजवळ येऊ देत नाही. आता केबिनच्या पायरीवर बसून नुसता बघतोय. किशनरावचा फोन वाजतोय, तो उचलत नाही.

आता उठला. फळी उचलायला एकट्याला जड आहे. मला जायला लागतंय.