क्रमशः आलाच नाही

ताईने दोरीवरची चादर ओढून घडी घालायला घेतली, तर दुसरं टोक छोटूने धरून ठेवलं.

"सोड. अजून दमट आहे."

"दमटच हवी. दमट चादर भिंतीला ताठ बसते, सुरकुत्या पडत नाहीत."

"ही बाळाची चादर आहे."

"आज पडदा आहे," छोटू म्हणाला आणि चादर घेऊन आत गेलासुद्धा.

सहा फुटी माणसाला छोटू म्हणतात हे बाहेर कुणाला खरं वाटत नसे, आणि घरात दुसरी हाक कुणाच्या तोंडी बसत नसे. तो ताईचा धाकटा भाऊ. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला असायचा. रविवारी दुकान बंद, म्हणून त्या दिवशी त्याची मतं ताईकडे उघडी. विषय दोनच: चित्रकथांवरून काढलेले नवे सिनेमे, आणि लहानपणी टीव्हीवर लागणारी 'कॅप्टन झपाटा' ही मालिका. नवं सगळं टाकाऊ असं त्याचं सोपं म्हणणं नव्हतं. नव्यावर तो मनापासून चिडायचा. पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला जाऊन चिडायचा, आणि नीट चिडून झालं नाही असं वाटलं तर पुन्हा तिकीट काढायचा.

दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलताना "आधीचं स्पष्ट दिसतं, की आत्ताचं?" असं त्याला दिवसभर विचारावं लागे. विचारताना त्याच्या मनात दुसरंच काही असे. एकदा एक आजी "आत्ताचंच छान आहे हो" म्हणाल्या, तर त्याने म्हणे उगाचच ते भिंग काढून पुसून पुन्हा घातलं.

"मामा, काय लावणार?" भुंगा विचारत होती.

भुंगा म्हणजे ताईची थोरली. एक प्रश्न धरला की तो घेऊन माणसाच्या कानाशी फिरत राहायची, म्हणून भुंगा. नुकतंच अक्षराला अक्षर लागायला लागलं होतं आणि दिसेल ते ती मोठ्याने वाचत सुटली होती. औषधाच्या बाटलीवर 'लहान मुलांपासून दूर ठेवा' हे वाचून ती स्वतःच समजूतदारपणे दोन पावलं मागे सरकली होती.

"कॅप्टन झपाटा," छोटूने चादरीच्या कोपऱ्यात टाचणी खुपसली. "शेवटचा भाग."

ताई बाळाला खांद्यावर थोपटत होती. तिचा हात थांबला.

"कुठला भाग म्हणालास?"

"शेवटचा. मला कांजिण्या आल्या होत्या तेव्हाचा. तू पाहिलेला."

"तो कुठून आला आता?"

"अगं, कुणी ना कुणी कॅसेट जपून ठेवलेली असते. जगात वेडे लोक कमी आहेत का?"

ताईने पुन्हा थोपटायला सुरुवात केली, पण ताल चुकला होता. बाळाने मान उचलून तिच्याकडे पाहिलं.

कांजिण्यांच्या त्या दिवसांत छोटूला आतल्या खोलीत ठेवलं होतं, आणि ताईला दार उघडायची सक्त मनाई होती. टीव्ही बाहेरच्या खोलीत. मालिकेचा प्रत्येक भाग एकाच जागी संपे: कॅप्टन झपाटा कुठेतरी अडकलेला, धाडधाड ढोल, आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'क्रमशः'. छोटूला तेव्हा वाचता येत नव्हतं. ताई वाचून दाखवायची. त्यावरून त्याने असं ठरवलं होतं की क्रमशः हे मालिकेतल्या सर्वांत मोठ्या गुंडाचं नाव आहे. डॉक्टर काळोख वगैरे त्याचे नोकर. क्रमशः दिसत नाही, पण तो आला की सगळे होते तिथे थिजतात ते थेट पुढच्या रविवारपर्यंत. ताईला त्याचा अर्थ ठाऊक होता. पण भावाचं म्हणणं इतकं बरोबर जुळत होतं की त्याला खोटं ठरवणं तिच्या जिवावर आलं.

त्या शेवटच्या रविवारी काळोखने झपाटाला टाकीत कोंडलं. पाणी हनुवटीपर्यंत आलं. ढोल वाजले. क्रमशः आला. आणि मग निवेदिकेने छानसं हसून सांगितलं, की ही मालिका आता बंद होत असून पुढच्या रविवारपासून याच वेळी मधमाशीपालनाचा कार्यक्रम पाहावा.

बंद दारामागून आवाज आला होता, "ताई, सुटला का तो?"

अंगभर फोड, ताप, हाताला खाजवता येऊ नये म्हणून बांधलेले मोजे. आणि झपाटा पाण्यात, कायमचा. ताईने दाराच्या फटीला तोंड लावलं.

"सुटला."

"कसा?"

इथे तिला कसा ते शोधावं लागलं. टाकीच्या तळाला बूच होतं, ते त्याने पायाच्या अंगठ्याने ओढलं. पाणी गेलं. तो बाहेर आला, पण झगा ओला. ओल्या झग्याने उडता येत नाही. म्हणून त्याने झगा दोरीवर वाळत टाकला आणि नुसत्या बनियनवर बसून राहिला. बसल्या बसल्या त्याला बरं वाटायला लागलं. मग झगा तिथेच ठेवून तो घरी गेला. चालत.

"आणि क्रमशः?"

"आज आलाच नाही."

दारामागे खाट करकरली. मग झोपेतला आवाज, "आता कधीच नाही येणार?"

"कधीच नाही."

पंधरवड्याने ताईलाही कांजिण्या आल्या. दाराच्या फटीतून तेवढंच मिळालं.

छोटू मोठा झाला आणि त्याचं सर्वांत मोठं मत या शेवटावर उभं राहिलं. नव्या सिनेमांना थांबता येत नाही, असं ते मत. नायक मरतो तोही पुढच्या सिनेमापुरता. पडद्यावरची नावं संपली तरी लोक आशेने बसून राहतात, एवढासा तुकडा बघायला, आणि त्यातही कुणीतरी येतोय एवढंच कळतं. "आमच्या झपाटाने झगा वाळत घातला आणि घरी गेला," छोटू सांगायचा. "संपलं. याला छाती लागते." वाचनालयाच्या मागच्या खोलीत त्याच्यासारख्यांचं एक मंडळ जमायचं, तिथे तो यावरून सगळ्यांशी भांडून बसला होता. मालिका अर्ध्यावर बंद पडली असं कुणी म्हटलं, की तो म्हणायचा, "माझ्याकडे साक्षीदार आहे. सख्खी बहीण."

सांगू सांगू म्हणता ताईचं सांगायचं राहिलं, आणि मग सांगायचं वय निघून गेलं. आज भिंतीवर हातभर अक्षरांत ते आपोआप सांगितलं जाणार होतं. मंडळात त्याला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. पण तिला मंडळाची भीती नव्हती. पडदा बघून झाल्यावर तो मागे वळून तिच्याकडे बघेल, त्याची होती.

"बाळ उठेल हं आवाजाने," ती म्हणाली.

"बाळ उठलेलंच आहे," भुंगा म्हणाली.

"भुंगा पाण्याला घाबरते. त्यात ते टाकीचं वगैरे आहे."

"मी पोहायला जाते ना, आई."

"आधी चहा तरी घे रे."

"चहा नंतर," छोटूने खिडक्यांचे पडदे ओढले. मंडळाकडून आणलेला प्रोजेक्टर त्याने खुर्चीवर पुस्तकांच्या थप्पीवर चढवला. बाळाच्या चादरीवर उजेडाचा चौकोन पडला, आणि त्या चौकोनातून हात पुढे करून कॅप्टन झपाटा उडत गेला.

"मामा, दोरी दिसतेय."

"दिसू दे. दोरी दिसतेय म्हणजे वर कुणीतरी धरून बसलंय. आता सगळे कॉम्प्युटरमध्ये उडतात. वर कुणी नसतं."

भुंगाने यावर विचार केला. "आणि त्याने पाठीला चादर बांधलीय."

"चादरच आहे ती. मधली घडीची रेघ बघ. घरून कुणीतरी इस्त्री करून दिलेली आहे."

"चादरीवर चादर," भुंगा समाधानाने म्हणाली.

डॉक्टर काळोखची प्रयोगशाळा म्हणजे तीन बरण्या आणि एक मिणमिणता दिवा. काळोख हसला की त्याची मिशी एका बाजूने सुटायची. तो हसता हसताच ती दाबून बसवायचा. छोटू या जागी दर वेळी हसे तसा हसला. ताईला हसू आलं नाही. बाळाला घेऊन ती मागे उभी होती, आणि तिला त्या मिशीनंतर काय आहे ते आठवत होतं.

टाकी आली. पाणी चढायला लागलं.

"मामा, पाणी वर येत नाहीये. तोच खाली बसतोय."

"तू शाळा सोड आणि आमच्या मंडळात ये."

पाणी छातीला लागलं. ढोल सुरू झाले. ताईने खाली पाहिलं. प्रोजेक्टरची वायर तिच्या पायाजवळून भिंतीतल्या प्लगकडे गेली होती. तिने चप्पल काढली. बाळ एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतलं, अंगठा आणि शेजारचं बोट वायरीत अडकवलं आणि जरासं ओढून पाहिलं. प्लग घट्ट होता. पाणी हनुवटीशी आलं. तिने पाय आणखी पुढे केला, तोल गेला, ती भिंतीला टेकली.

तेवढ्यात छोटू उठला.

तो घाईने उठला नाही. ढोलाचा शेवटचा ठोका पडायच्या आधी तो दोन पावलं पुढे आला आणि भिंतीकडे पाठ करून उजेडात उभा राहिला. जे यायचं ते चादरीवर न येता त्याच्या पांढऱ्या शर्टावर आलं, छातीवर वाकडंतिकडं पसरलेलं.

"क्र," भुंगा वाचायला लागली. "क्र, म..."

छोटूने न बघताच हात लांब करून प्रोजेक्टरचं बटण दाबलं.

खोलीत अंधार झाला. बाळ कुरकुरलं.

"संपलं?" भुंगाने विचारलं.

"कॅसेटमध्ये एवढंच आहे. पुढचं तुझ्या आईला माहीत आहे. तिने पाहिलंय."

त्याने पडदे बाजूला केले आणि वायर गुंडाळायला वाकला. वायर येईना. ती जिथे अडली होती तिथे ताईचा पाय होता. त्याने क्षणभर त्या पायाकडे पाहिलं.

"अंगठ्याने?" तो म्हणाला.

ताईने पाय काढून घेतला.

"आई, सांग ना. तो बुडला का?"

"नाही ग. टाकीला बूच होतं खाली." ताईने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "ते त्याने काढलं. पाणी गेलं. मग बाहेर येऊन त्याने तो ओला झगा वाळत घातला आणि बनियनवर बसला. आणि मग तो घरी गेला. बसने."

"चालत," छोटू वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाला.

"हो. चालत गेला."

"आणि मामाच्या शर्टावर आलं ते काय होतं? क्र, म."

"एका गुंडाचं नाव," छोटू म्हणाला.

"तो आला होता?"

"मला काय विचारतेस? मी पाहिलं नाही. साक्षीदाराला विचार."

भुंगा आईकडे वळली. ताईने बाळाची टोपी नीट केली, नीटच होती तरी.

"नाही," ती म्हणाली. "आज आलाच नाही."

भुंगा चादरीच्या टाचण्या मोजायला गेली तेव्हा ताईने बाळ छोटूच्या हातात दिलं आणि हळूच विचारलं, "कधीपासून?"

"कॉलेजात होतो तेव्हापासून."

"आणि मग मंडळात भांडतोस कशाला?"

"भांडतो म्हणजे? माझं मत आहे ते." छोटूने बाळ खांद्यावर टाकलं. "आणि आत्ताच्यापेक्षा आधीचं स्पष्ट दिसतं मला. त्याला मी काय करू?"

बाळाने याच वेळी, कुणाच्याही बाजूने न बोलता, सगळं दूध त्याच्या शर्टावर काढलं.

"घाला आता वाळत," ताई म्हणाली. डोळे पुसायला तिच्याकडे फक्त बाळाचं दुपटं होतं, तेच तिने वापरलं.

छोटूने शर्ट काढून नळाखाली धरला, पिळला आणि अंगणातल्या दोरीवर टाकला. शेजारी ताईने चादर पुन्हा टाकली. मग तो दारातल्या स्टुलावर बनियनवर बसला. ताईने चहाचा कप त्याच्या हातात दिला. वारा होता.

"बरं वाटतंय," तो म्हणाला.

भुंगा टाचण्यांची डबी घेऊन दारात आली. तिने दोरीवरच्या शर्टाकडे पाहिलं, मग बनियनकडे, मग पुन्हा शर्टाकडे. तोंड उघडलं आणि मिटलं. सकाळपासून पहिल्यांदाच तिने काही विचारलं नाही. आत जाऊन तिने मामाचे बूट आणले आणि त्याला चालायला सोपं जावं म्हणून दाराबाहेर, रस्त्याकडे तोंड करून, जोडीने ठेवले.