गप्प राहायला हव्यात अशा पेशी

माझ्या मुलीला अंघोळ घालता घालता नणंदेने हाक मारली, "वहिनी, जरा बघा हो इकडे."

मुंगी साडेसहा वर्षांची. तिच्या छातीवर डावीकडे वाटाण्याएवढी गाठ होती. दाबली की दुखत होती.

"मुंगीला मुंगी चावली वाटतं," नणंद हसली. माझा चेहरा पाहून तिने नळ बंद केला.

मेंदूच्या तळाशी हजारेक पेशी असतात. थांबून थांबून, ठोक्याठोक्याने त्या एक संप्रेरक सोडतात आणि त्यामुळे मुलीचे बीजकोश जागे होतात. लहानपणी या पेशी जवळजवळ गप्प असतात. अकरा वर्षं मी प्रयोगशाळेत त्यांचाच अभ्यास करते आहे. त्या आत्ताच जाग्या झाल्या असतील, तर आठ-नऊ वर्षांची होईतो मुंगीला पाळी येणार आणि तिची उंची लवकरच खुंटणार.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुणी हार्मोनचं मलम वगैरे लावतं?"

"मी. इस्ट्रोजेनचं जेल. माझे बीजकोश काढलेत."

"कुठे लावता?"

"दंडावर."

"आणि ही झोपते कुठे?"

"आईच्या दंडावर," मुंगी म्हणाली. "उशी टोचते मला."

प्रयोगशाळेत याच इस्ट्रोजेनचा कण तोलायचा तर मी हातमोज्यांचे दोन जोड चढवते. घरी मात्र दीड वर्ष मी ते उघड्या दंडाला चोळलं आणि त्यावर माझ्या मुलीचा गाल ठेवला.

तपासणी साधी होती. मेंदूच्या त्या संप्रेरकाची नक्कल करणारं इंजेक्शन द्यायचं आणि मेंदूखालची पियूषिका ग्रंथी त्याला किती प्रतिसाद देते, ते थोड्या थोड्या वेळाने रक्त घेऊन मोजायचं. आकडा मोठा आला तर मेंदू जागा झालेला. लहान आला तर सगळा दोष माझ्या दंडाचा. दोष माझाच निघावा, एवढंच मी मागत होते.

चौथ्यांदा सुई टोचली तेव्हा मुंगीने विचारलं, "रक्त संपलं तर गं, आत्या?"

"संपतंय कसलं! रोज माझं पितेस की."

दोन दिवसांनी फोन आला. आकडा लहान होता. नणंदेने मला मिठीच मारली. "पडला बाई जीव भांड्यात!"

माझा पडला नाही. बाहेरून आलेल्या इस्ट्रोजेनने त्या पेशींना दाबून ठेवलं असणार. आता ते थांबणार, म्हणजे वरचं झाकणच काढल्यासारखं. प्रयोगशाळेत ताटलीत वाढवलेल्या पेशींवरून मी इस्ट्रोजेन धुऊन टाकते, तेव्हा काही गप्पच राहतात. काहींचे ठोके वाढतात.

मी पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेले. हाताच्या एक्स-रेत मुंगीची हाडं आठ वर्षांच्या मुलीची दिसत होती.

"हाडं अशी पुढे गेली, की कधी कधी मेंदूही त्यांच्या मागे धावतो," त्या म्हणाल्या.

"कधी कधी म्हणजे किती वेळा?"

"ते तुम्हीच मला सांगायचं. विषय तुमचा." मग त्यांचा आवाज उतरला. "तीन महिन्यांनी पुन्हा बघू."

जेल बंद करून मी इस्ट्रोजेनच्या गोळ्या सुरू केल्या. गाठ हळूहळू विरत गेली. आता नवी आली, तर ती मेंदू जागा झाल्याचीच खूण. तरी रोज सकाळी फ्रॉक घालताना मी तिची छाती चाचपते.

"आई, रोज काय करतेस गं?"

"तू किती वाढलीस ते बघते."

"मग फूटपट्टी घे ना. गुदगुल्या होतात."

ती खिदळत मागे सरली. मी तिला धरून ठेवलं आणि उजव्या बाजूला बोट नेलं. तिथे काहीतरी लागल्यासारखं वाटलं. बरगडी असेल. मी पुन्हा चाचपलं.