चढाला लागलेली नदी

मी नदी छापली त्या दिवसापासून ती चढावर वाहू लागली.

चूक माझीच होती. लाकडात कोरलेलं चित्र कागदावर उलटं उमटतं, म्हणून कोरतानाच ते उलटं कोरायचं असतं. तीस वर्षं मी पानं, साली, गवत, वारुळं कोरली. हे कधी विसरले नाही. नदी मात्र दिसली तशीच कोरली. कागदावर ती पूर्वेऐवजी पश्चिमेला निघाली आणि शाई वाळेपर्यंत खरी नदीही वळली.

सकाळी सरपंच शेडगे आले. चहा घेऊन म्हणाले, "ताई, पाणी उलटं वर घाटाकडं निघालंय."

"माहीत आहे. छाप चुकलाय."

"मग पुसून टाका की."

"वाळलेली शाई पुसली जात नाही."

दुसऱ्या दिवशी पाणी वरच्या धनगरवाड्यापर्यंत चढलं. तिथे धोंडाबाई कोकरे एकटीच राहते. रानातली पानं मला तीच आणून देते. माझी निम्मी चित्रं तिच्या ओटीतून आली आहेत. ती गुडघ्यापर्यंत भिजून माझ्या दारात उभी राहिली.

"उंबऱ्याला लागलंय," ती म्हणाली. "मेंढरं वर काढली. त्याच्या वर नुसता कडा हाय."

उपाय मला ठाऊक होता. त्याच कोरलेल्या ठोकळ्यावरून नवा छाप काढायचा आणि तो ओला असतानाच त्यावर दुसरा कागद दाबायचा. उलट्याचं उलटं म्हणजे सुलटं. पण पहिला कागद उमटताच नदी आणखी चढणार होती. मी तिला हे सांगितलं.

"किती येळ?"

"दोन कागद उचलेपर्यंत."

"मग लाव शाई."

ती खाली बसली आणि तिने कागदाचे कोपरे धरले. मी ठोकळ्यावर शाईचा रूळ फिरवला, कागद ठेवला, लाकडी चमच्याच्या पाठीने घासला, उचलला. घाटात मोठा आवाज झाला.

धोंडाबाईने कान दिला. "माझं दार गेलं," ती म्हणाली. कोपरा सोडला नाही.

ओल्या छापावर दुसरा कागद ठेवला आणि उगमापासून एकेक वळण घासत खाली आले. उचलला. नदी पूर्वेला वाहत होती, गोटान् गोटा स्पष्ट. इतका चांगला छाप मी आजवर काढला नव्हता.

आम्ही अंगणात आलो. घाटातून पाणी उतरत होतं. धोंडाबाईचं दार त्यावर तरंगत आलं, दारावर एक कोकरू उभं होतं. तिने ते उचलून काखेत घेतलं.

पण खालून चढणारं पाणीही थांबलं नव्हतं. पहिला कागद अजून ओला होता आणि तोही खरा होता. दोन्ही पाणी माझ्या अंगणाखाली समोरासमोर आलं. कुणीच वाट दिली नाही. मग नदी उभी राहिली. आंब्याच्या शेंड्यावर गेली, देवळाच्या कळसावर गेली. कळसाच्या उंचीवर मासे पोहत होते आणि आजूबाजूला एक थेंबही पडत नव्हता.