कमी करा

मास्तर म्हणजे शिंपी. चाळीस वर्षं दुकानात डोक्यावर एकच पंखा आणि भिंतीवर त्याचं बटण. एकवर वारा कमी, पाचवर जास्त. सरळ काम.

मास्तर नि त्यांची बायको परदेशात मुलाकडे आले, तर तिथे खिडक्याच उघडेनात. बाहेर भट्टी, आत एसी. पहिल्याच दिवशी बायको म्हणाली, "अहो, मी काय कोथिंबिरीची जुडी आहे? फ्रिजमध्ये ठेवलंय मला!" सगळे हसले. मुलाने तिला दोन स्वेटर आणले.

मग तिला ताप आला, छाती भरली. मुलगा-सून कामावर गेले की घरात दोघंच. पांघरुणातून ती म्हणायची, "कमी करा हो."

मास्तर रिमोट घेऊन कमी करत. बावीस. वीस. अठरा.

"अजून. गारठा वाढलाय."

"तापाची थंडी आहे गं ती." सोळा. त्याखाली आकडाच नव्हता. मग ते तिचे तळपाय चोळत बसत. मुलगा-सुनेला गारवा आवडतो, म्हणून संध्याकाळी ते यायच्या आत पुन्हा चोवीस करून ठेवत.

आठव्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं. अकराव्या दिवशी ती गेली.

महिनाभराने सून एकदा दुपारीच घरी आली. सासरे शाल गुंडाळून कुडकुडत होते.

"अगंबाई! सोळावर का ठेवलंय, बाबा?"

"गारठलो, म्हणून कमी केलंय."

"कमी कुठे? आकडा उतरवला की गारवा चढतो. पंखा आहे का तो!" हसत हसत तिने सत्तावीस केलं.

खोली उबदार व्हायला दहा मिनिटं लागली. दहाच.

संध्याकाळी त्यांनी मुलाला विचारलं, "तुझ्या आईचं दुखणं... गारठ्याने वाढतं का रे ते?"

"नका डोक्याला त्रास करून घेऊ, बाबा. वय होतं तिचं. आणि तुम्ही होतात ना दिवसभर उशाशी."

"हो," मास्तर म्हणाले. "मीच होतो."



दुसऱ्या दिवशी सून सत्तावीस करून, दोनदा बजावून कामावर गेली. मास्तरांनी दार लावलं. शाल काढली, घडी घालून बायकोच्या उशीवर ठेवली आणि रिमोट हातात घेतला. सव्वीस, पंचवीस, करत करत सोळा.

"कमी केलं गं," ते म्हणाले आणि तिच्या जागेवर, पांघरूण न घेता, आडवे झाले.