वापरात असलेली विहीर

"पाण्या रे पाण्या दादा, नको ओढू माझी मैना
दोर येतो गं वळूनी, जीव माझा राहवेना."

विहिरीवर ओणवी होऊन आई गात होती. ताई आत पडली होती. दोर घेऊन माणसं येईपर्यंत लेकीच्या कानात आपला आवाज राहावा, एवढंच आईच्या हातात होतं. ताई निघाली, ओलीचिंब, पांढरीफटक, पण धडधाकट. पडायच्या आधी ती सदा गुणगुणायची. त्या दिवसानंतर तिच्या तोंडून एकही ओळ आली नाही. लोक म्हणाले, पोर भ्यायलीय.

आता आई नाही. मागच्या अंगणात ताईची लाँड्री आहे, विहिरीवर लोखंडी झाकण, आणि झाकणावर इस्त्रीला आलेल्या चादरी.

विहिरींच्या सरकारी मोजणीचे साहेब आले तेव्हा ताई कॉलरवर पाणी शिंपडत होती.

"विहीर कसली? खड्डा आहे तो," ती म्हणाली.

"बाई, माणसाने खणलेलं, रुंदीपेक्षा खोल आणि खाली पाण्याला लागलेलं, की नियमाने ती विहीर. तुम्ही तिला खड्डा म्हणा नाहीतर जावई म्हणा." त्यांनी चादरी बाजूला ठेवून झाकण सरकवलं. "वापरात असेल तर नोंद करू, राहील. नसेल तर बुडापासून काठापर्यंत सिमेंट. गाडी कोपऱ्यावर उभीच आहे."

मी काठाशी जाऊन उभी राहिले.

त्यांनी वजन लावलेली फीत आत सोडली. ती पाण्याला टेकली आणि खालून हिसका बसला. हलकाच, मूल आईचा पदर ओढतं तसा.

"अडकली वाटतं," साहेब म्हणाले, पण फीत त्यांनी भराभरा गुंडाळली. "यातून शेवटचं काय काढलंत?"

"मला."

साहेब हसले. ताई हसली नाही. "वापर काही नाही. बुजवा एकदाची."

"ताई, थांब ना."

"छोटे, तुझं काय अडलंय तिच्यावाचून? झाकणाला कान लावून बसतेस, मला काय दिसत नाही?"

साहेबांनी गाडीवाल्याला हाक मारली. उघड्या तोंडातून ओला गारवा वर आला, आणि त्याच्यासोबत ती गुणगुण, कोवळी, अर्ध्यात तुटणारी. साहेबांची मान तिकडे वळली. ताई शर्टाची बाही सरळ करत राहिली. तिला ती कधीच ऐकू आली नव्हती.

गाडी फाटकापाशी आली. मी ताईचा हात धरला. इस्त्री धरूनही तो गारच होता, नेहमीसारखा.

"साहेब, विहीर वापरात आहे," मी म्हणाले. मग ताईकडे वळले. "रागावू नकोस गं. तू माझीच आहेस, तुझ्यावाचून मला कोण आहे? पण त्या दिवशी दोर धरून तू वर आलीस. आई जिच्यासाठी गात होती, ती खालीच राहिली. मला रोज विचारते, वर माझ्या जागी कोण आहे."