प्रतिवादीचा पुरावा क्रमांक तीन

मी एक गाजलेला आरोपी बोलतोय. दचकू नका. साबणाच्या वडीएवढाच राखाडी डबा आहे मी, दोन बाजूंना दोन वायरी. आयुष्यात कुणाला चिमटासुद्धा काढलेला नाही. तरी ओसाकाच्या जिल्हा न्यायालयात माझ्यावरून अकरा महिने खटला चालला. तीन विद्वान न्यायाधीशांनी मला आळीपाळीनं उलटंसुलटं करून पाहिलं. पोटाखालचा स्क्रूसुद्धा पाहिला. असा मान आमच्या खानदानात दुसऱ्या कुणाला मिळालेला नाही.

माझा जन्म पूर्व ओसाकातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. खाली यंत्रं, वर बिऱ्हाड आणि जिन्याच्या कठड्यावर वाळत घातलेले मोजे, एवढाच पसारा. मालक शिगेओ मोरिवाकी लिफ्टची बटणं बनवायचे. त्यांच्या बायकोचं, फुसाएबाईंचं काम बटणं तपासण्याचं. प्रत्येक बटण दहा वेळा दाबायचं, मग पुढचं घ्यायचं. पंचवीस वर्षं त्यांनी हेच केलं. हात इतका चपळ की शेजारचा टोफूवाला म्हणे, "वहिनी, जरा दमानं. माझा टोफू थरथरतोय."

मग संधिवातानं त्यांची बोटं वाकडी केली. बटणांचं काम सुटलं, पण बाईंचं मन रमलेलं होतं ते मासे ओढण्याच्या एका व्हिडिओ खेळात. एक मासा, दोन टोकांना दोन खेळाडू. बटण भराभर दाबून मासा आपल्याकडे ओढायचा. किनाऱ्याला लागला की डाव संपला. समोरचा खेळाडू जपानात कुठंही असू शकतो. फुसाएबाईंची जोडी जमली होती उत्तरेला अकितात राहणाऱ्या ताकेनोबाईंशी. दोघींची कधी भेट नाही. शेजारी फोनचा स्पीकर चालू ठेवून रोज दुपारी खेळायचं आणि खेळताना आपापल्या सुनांना नावं ठेवायची, असा त्यांचा शिरस्ता. बोटं वाकडी झाल्यावर फुसाएबाई सलग चाळीस दिवस हरल्या. एक्केचाळिसाव्या दिवशी त्या खेळायला बसल्याच नाहीत. सूनही वाचली.

शिगेओंनी बायकोला काही विचारलं नाही. ते विचारणाऱ्यांतले नव्हतेच. खाली गेले आणि आठवड्याभरात मला घेऊन वर आले. मला खेळाचं यंत्र आणि त्याचा हातातला कंट्रोलर यांच्या मध्ये जोडायचं. बाईंनी बटणाला नुसतं बोट टेकवलं की मी त्यांच्या वतीनं दहा वेळा दाबणार. एवढीच माझी विद्या.

पहिल्याच डावात आमची हकालपट्टी झाली. कंपनीनं खेळात एक पहारेकरी बसवलेला होता. दाबणं अगदी घड्याळासारखं एकसारखं आलं की तो ओळखायचा, हा माणूस नव्हे, आणि बाहेर काढायचा. माणूस म्हटला की तो चुकला पाहिजे, अशी त्याची पक्की श्रद्धा. म्हणून शिगेओंनी मला पुन्हा खाली नेलं आणि चुकायला शिकवलं. दोन ठोके घाईचे, तिसरा रेंगाळलेला, सहाव्याला जरा दम. हे वेडंवाकडं वळण त्यांनी कुठून आणलं, ते तेव्हा कुणी विचारलं नाही. पहारेकऱ्यानं मात्र मला मुकाट्यानं आत सोडलं. फुसाएबाई जिंकल्या आणि सुनेचा उद्धार पूर्ववत सुरू झाला.

इथंच माझी गोष्ट संपली असती तर मला कोण विचारणार होतं? पण निप्पोनबाशीत खेळांचं दुकान चालवणारे नाम्बु-सान एकदा जेवायला आले. कोबीच्या जाड घावनाचा, ओकोनोमियाकीचा घास तोंडात घोळवत त्यांनी मला हातात घेतलं आणि म्हणाले, अशा दुखऱ्या हातांची किती माणसं असतील, मोरिवाकी-सान, त्यांचा दुवा घ्या. शिगेओंनी दुव्यासाठी अडीचशे डबे बनवले. नाम्बुंनी त्यांच्यावर 'अजिंक्य' अशी लाल पट्टी चिकटवली आणि दुखऱ्या हातांचे लोक दुकानासमोर रांग लावून उभे राहिले. त्यांचं सरासरी वय एकोणीस होतं. हात असे धडधाकट की रांगेत एकमेकांना ढकलताना मजबूत चालत होते.

शिगेओंनी ती पट्टी पाहिली होती. ते निरागस होते असं मी म्हणणार नाही. आपली वस्तू लोकांना हवीहवीशी वाटते, हे त्यांनी लिफ्टची बटणं बनवून कधी अनुभवलं नव्हतं. फुसाएबाईंनी टोकलं, तर म्हणाले, बघू. म्हणजे बघणार नाहीत.

वर्षभरात त्या खेळाच्या मानाच्या यादीत पहिली साठ नावं माझ्या भावंडांच्या मालकांची झाली. कंपनीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कंपनीचं नाव मी घेत नाही. तिच्या वकिलांना विनाकारण उचकी नको. ते वकील आले तेच मुळी कमरेत वाकून, योकान नावाच्या मिठाईचा डबा घेऊन. नमस्कार झाला, हवापाण्याच्या गोष्टी झाल्या, चहा झाला, आणि मग अत्यंत अदबीनं त्यांनी नोटीस ठेवली. ती वाचून शिगेओंच्या तोंडचं पाणी पळालं. फुसाएबाईंनी योकानचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "गोड आहे. म्हणजे प्रकरण गंभीर आहे."

खटल्यात मला प्रतिवादीचा पुरावा क्रमांक तीन असं नाव मिळालं. कंपनीच्या तज्ज्ञानं पडद्यावर रेघा दाखवून सिद्ध केलं की हे यंत्र मुद्दाम चुकतं. कारखान्यातून निघालेली वस्तू चुकते म्हणून खटले भरले जातात, हे मी ऐकलं होतं. माझ्यावर भरला गेला तो मात्र मी पुरेसा माणसासारखा चुकतो म्हणून. शिगेओंचे वकील कुसाकाबे यांनी फुसाएबाईंना पढवून ठेवलं होतं. हात टेबलावर दिसतील असे ठेवा. आवाज बारीक ठेवा. निव्वळ वेळ जावा म्हणून खेळते, एवढंच सांगा.

कंपनीच्या वकील हिरायानागीबाई मधाळ आवाजात म्हणाल्या, "म्हणजे हरणं-जिंकणं तुमच्या लेखी सारखंच, असं समजू ना?"

"असं कसं समजता?" फुसाएबाई म्हणाल्या. "हरायला मी कशाला बसेन? हात धड होते तेव्हा मी कुणाला जिंकू दिलं नाही, आता का देऊ?"

कुसाकाबेंनी डोळे मिटून घेतले. मधल्या न्यायाधीशबाईंनी मला उचललं आणि शिगेओंना विचारलं, हे चुकण्याचं वळण कुणी ठरवलं? आकडे कुठून घेतले?

शिगेओंनी स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. "आकडे नाहीत, साहेब," ते म्हणाले. "हिचा हात आहे तो. पंचवीस वर्षं समोर बसून ऐकत होतो. मला पाठ होता."

फुसाएबाईंनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. हे त्यांना ठाऊक नव्हतं. कंपनीच्या तज्ज्ञानं आपल्या रेघांचा पडदा हळूच बंद केला.

मग हिरायानागीबाईंनी घसा खाकरून विचारलं, यंत्र माणसासारखं भासावं म्हणून आपण जाणूनबुजून असं केलंत, हे आपल्याला मान्य आहे?

"मान्य आहे," शिगेओ म्हणाले.

अशा रीतीनं एका नवऱ्यानं बायकोवरचं प्रेम सरकारी दप्तरात नोंदवलं आणि त्याच वाक्यात खटला हरला.

निकालाआधी तडजोड झाली. उरलेली सगळी भावंडं शिगेओंनी आपल्याच यंत्राखाली चिरडायची, पुन्हा कधी बनवायची नाहीत. चिरडताना कंपनीचा माणूस समोर उभा राहून मोजत होता आणि प्रत्येकाला हलकं झुकून निरोप देत होता. संस्कार म्हणतात ते हेच असावेत. मला एकट्याला जीवदान मिळालं. न्यायाधीशबाईंनीच सुचवलं म्हणे. अट एकच: माझ्या तोंडावर शिक्क्याची कागदी पट्टी, आणि मला कधीही जोडायचं नाही.

फुसाएबाईंनी ताकेनोबाईंना सांगून टाकलं, आता माझा हात चालणार नाही. खरं म्हणजे मधली दोन वर्षंही तो चालत नव्हता. मी फसवलं तुला.

पलीकडे चहाचा पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ताकेनोबाई म्हणाल्या, "तुझ्यामुळे तर मलापण घ्यावा लागला, गं. ओसाकाहून मागवला. लाल पट्टीचा."

"तुझे हात दुखतात?"

"छे. हात ठणठणीत आहेत. तू एवढं हरवायला लागलीस, ते मला सोसेना."

फुसाएबाई इतक्या हसल्या की शिगेओ खालून धावत वर आले. त्यांना वाटलं रडतेय.

ताकेनोबाईंनी आपला डबा कचऱ्यात टाकला, तोही प्लास्टिकचा कचरा नेण्याच्या वारी, नियमाप्रमाणे. आता दोघी नुसत्या हातांनी खेळतात. फुसाएबाई कोपरानं दाबतात. ताकेनोबाई म्हणतात मी एकाच बोटानं दाबते, पण ते तपासायला त्यांच्याकडे कुणी वकील गेलेला नाही. मासा दोघींच्या मध्ये निवांत पोहत असतो. पूर्वी दोन मिनिटांत आटपणारा डाव आता चांगला तासभर चालतो. सुनांचे विषय संपले. हल्ली दोघी आपापल्या नवऱ्यांविषयी बोलतात, आणि फुसाएबाईंच्या बोलण्यात शिव्या जरा कमी झाल्या आहेत.

मी फडताळात चहाच्या डब्याशेजारी बसून हे ऐकतो. माझ्या पोटात त्यांचा तरुण हात अजून जसाच्या तसा आहे. माझी एकच विनंती आहे: ही पट्टी कुणी फाडू नका. न्यायालयाविषयी मला फार आदर आहे, असं मुळीच नाही. पण मी पुन्हा मध्ये आलो तर मासा झटकन किनाऱ्याला लागेल, आणि त्या दोघींना फोन ठेवावा लागेल.