पिवळ्या वाट्या

माणूस कशाचाही हेवा करू शकतो. मी एका खिडकीचा केला.

जर्मनीत ब्योब्लिंगेनजवळच्या आमच्या गावात मंडळाचा गणपती बसायला लागला, तेव्हापासून जेवणाची ताटं वाटायचं काम माझ्याकडे. ताटं प्लास्टिकची, कप्प्यांची, जेवून फेकून द्यायची. स्वयंपाक घराघरांतून यायचा, पण माझ्या हातून ताट घेतल्याशिवाय कुणी जेवायला बसत नसे. "काय गं, वाळलीस किती!" "पुष्कर, आईचं ऑपरेशन नीट झालं ना रे?" ताट देता देता मला सगळ्यांची खबर लागायची. नंतर त्याच ताटांनी पिवळी पोती टम्म भरायची. आम्ही ती रस्त्याच्या कडेला ठेवायला लागलो की सभागृहासमोरचे जर्मन आजोबा पडद्याआडून बघत राहायचे. तेवढं मी मनाला लावून घेत नसे.

मग २००५ साली गावाने नियम केला. सार्वजनिक सभागृहात फेकायची भांडी बंद. दोन वर्षांपूर्वी सरकारने बाटल्यांवर फांड, म्हणजे बाटली परत केली की मिळणारी अनामत, लावलं, तेव्हाही आम्ही सगळे कुरकुरलो होतो, आणि आता निमूट रिकाम्या बाटल्यांच्या पिशव्या घेऊन दुकानाच्या रांगेत उभे राहतो. तसंच याचंही होणार हे उघड होतं. सभेत मी म्हटलं, "आपापलं ताट घरून आणू या. मी मांडून ठेवीन." तेवढ्यात वैभवीने हात वर केला.

वैभवी श्टुटगार्टला केमिस्ट्रीत पीएचडी करते. येऊन एकच वर्ष झालं होतं, पण जर्मन असं बोलते की बँकेतले लोक उठून उभे राहतील.

"जिल्ह्याच्या कचरा खात्याकडे गेशिर्मोबिल भाड्याने मिळतं," ती म्हणाली. "गाडीमागे जोडायचा डबा. आत चिनीमातीच्या प्लेटा, चमचे आणि धुवायचं मशीन. बटण दाबलं की बघता बघता स्वच्छ."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" हे म्हणाले. हे म्हणजे माझे श्रीधर. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या एकाही वाक्याला त्यांनी गेनाऊ म्हटलेलं नाही.

"आणि प्लेटा वाटायच्या कुणी?" मी विचारलं.

"वाटायची गरजच नाही, काकू. डब्याला खिडकी असते. जो तो येऊन घेईल. तुम्ही यंदा निवांत बसा."

निवांत बसा! हे दोन शब्द मी आठवडाभर चघळत होते.

शनिवारी आरती झाली. अंगणात पांढरा डबा उभा, खिडकीत वैभवी. तिच्या मागे मशीनला एक हिरवं बटण होतं. ती ते दाबायची, वाफेचा लोट उठायचा आणि चकचकीत प्लेटा बाहेर यायच्या. पोरं टाळ्या पिटत होती. मी खुर्चीवर निवांत बसले होते. मांडीवर माझेच दोन हात घेऊन.

मग पहिली पंगत बसली आणि माझं दैव फळफळलं. प्लेट सपाट. बटाट्याचा रस्सा वाहत वाहत थेट श्रीखंडात शिरला.

मी उठले. "अगं, वाटीशिवाय मराठी माणूस जेवेल कसा?" डब्यातल्या खालच्या खणात पांढऱ्या प्लास्टिकच्या वाट्या होत्या, धुऊन पुन्हा पुन्हा वापरायच्या.

"काकू, त्या सॅलडसाठी असतात, मला वाटतं रस्सा त्यात..."

"सॅलड खातंय कोण इथे?"

वाट्यांची चळत उचलून मी रश्शाच्या पातेल्यापाशी उभी राहिले. वरची तर्री सगळ्यांना सारखी येईल अशी बेताने वाढत होते. वैभवीच्या खिडकीतून लोक प्लेट उचलून चालू पडत. माझ्यापाशी रेंगाळत. "शुभाकाकू, अजून थोडा." "पुष्करची आई आता कशी आहे, काकू?" मी वैभवीकडे बघत नव्हते, असं नाही.

जेवणं उरकली. वाट्या मशीनमधून बाहेर आल्या. वाफ विरली. वाट्या पिवळ्याधमक. वैभवीने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा पिवळ्या, फक्त जास्त स्वच्छ.

"सोमवारी परत द्यायच्यात ना?" हे म्हणाले.

"वाट्यांत रस्सा वाढला कुणी?" मंडळातल्या मधू भावजींनी विचारलं.

"माझ्याच लक्षात राहिलं नाही," वैभवी पटकन म्हणाली. "भाड्याच्या कागदावर सही माझी आहे. मी बघते."

झालं! आता मला त्याचाही हेवा वाटला. ते वाक्य माझं होतं, आणि तिने किती छान म्हटलं. "वाट्या मी काढल्या," मी म्हटलं खरं, पण तोवर सगळे खुर्च्या उचलायला लागले होते. बाहेर आले तर रस्त्याच्या कडेला एकही पिवळं पोतं नाही. समोरचे आजोबा पडदा सारून आम्हालाच निरखत होते, जणू कचरा आम्ही कुठेतरी लपवलाय.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात वैभवी, हातात वाट्यांचा क्रेट.

"सोडा झाला, लिंबू झालं. आता एकच उपाय, काकू. हळद उन्हात उडते."

मला माहीत होतं ते! माझी आई लग्नात हळद लागलेल्या साड्या अंगणात अशाच वाळत घालायची. रात्रभर तळमळत होते, तरी मला कसं आठवलं नाही?

"केमिस्ट्रीत शिकलीस वाटतं?"

"छे, आजीने शिकवलं."

हे तर त्याहून वाईट.

"मग माझ्याकडे का आणल्यास?"

"माझी खोली उत्तरेला आहे," ती म्हणाली. "ऊन तुमच्याकडे आहे."

तिच्याकडे नसलेलं काहीतरी माझ्याकडे निघालं. मी दार पूर्ण उघडलं. "ये."

हिरवळीवर आम्ही वाट्या मांडल्या. सप्टेंबरचं ऊन, त्यातही ढगांची ये-जा. सूर्य सरकेल तशा वाट्या फिरवत होतो. चहा झाला. वैभवी एक वाटी हातात घेऊन म्हणाली, "काल तुमच्याकडे सगळे थांबत होते. माझ्याकडे कुणीच थांबलं नाही."

"खिडकी आहे ना ती. घ्यायचं आणि जायचं."

"गेल्या वर्षी मी नवी होते. तुम्ही ताट देताना विचारलंत, 'खोली मिळाली का गं?' तोवर इथे कुणीच काही विचारलं नव्हतं. तेव्हाच ठरवलं, पुढच्या वर्षी ही बाई उभी आहे तिथे आपण उभं राहायचं."

म्हणजे ही माझीच जागा घ्यायला आली होती! राग यायला हवा होता. मी तिच्या दुसऱ्या चहात एक चमचा साखर जास्त घातली.

उन्हं उतरेपर्यंत वाट्या पांढऱ्या झाल्या. एका वाटीच्या काठाला पिवळी रेघ तेवढी राहिली. "ही कचरा खात्याला दाखवूनच परत देते," वैभवी म्हणाली, "उगाच लपवायला नको. पुढच्या वर्षी खिडकीत तुम्ही उभ्या राहा, काकू. मी आतून प्लेटा देते."

"आणि रस्सा?"

"ज्याने त्याने घरून स्टीलची वाटी आणायची."

हे मला पटलं. क्रेट उचलून ती फाटकापाशी पोचली, तरी एक गोष्ट मनातून जाईना.

"वैभवी, ते हिरवं बटण कोण दाबणार?"

ती हसली. "आळीपाळीने दाबू."

"आधी मी," मी म्हटलं.